उदाहरणातली ताई

चष्म्याच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. संध्याकाळी तिथे मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. खाली डोळे तपासायला बसलेलं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत असतं आणि लाकडी जमिनीच्या फटींतून ती वर येतात. शेवटच्या बारीक ओळीला आवाज अडखळतो, थांबतो, मग काहीतरी अंदाजानं ठोकून देतो. वरची माणसं एकमेकांकडे बघून हसतात. त्या माणसाचं काय होतंय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

वर्ग मॅडमचा. साठीकडे झुकलेल्या, अंगानं किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी आणि बोटांना कायम खडूची भुकटी. त्या एक वाक्य बोलतात, थांबतात, आणि तेच वाक्य जरा फिरवून पुन्हा बोलतात. वर्गात हे लागतंच. पण इतक्या वर्षांनंतर ही सवय वर्गाबाहेरही सुटेना. भाजीवाल्याकडे त्या म्हणायच्या, "मला लिंबं हवीत. दोन हवीत. दोन लिंबं." तो म्हणायचा, "मॅडम, मला कळतं हो. एकदाच सांगत जा."

आधी त्या शाळेत होत्या. तिथे पोरं घोकायची आणि विसरायची. मोठ्या माणसांना शिकवायला लागल्यावर त्यांना कळलं, की मोठ्या माणसाला भाषेपेक्षा लाज जड जाते. दिवसभर दुसऱ्यांना हुकूम सोडणारा फोरमन संध्याकाळी त्या खोलीत येऊन "धिस इज माय बॅग" म्हणताना कानापर्यंत लाल होतो. म्हणून मॅडमनी स्वतःपुरते काही नेम केले होते. चूक झाली की चूक म्हणायचं नाही. कुणी मोडकं वाक्य बोललं, की आपण तेच वाक्य सहज, गप्पांत बोलल्यासारखं, नीट करून परत द्यायचं. ज्याला उचलायचं तो उचलतो. माणसाला जेवढं येतं त्याच्या एकच पायरी वरचं बोलायचं. दोन पायऱ्या वर गेलं की माणूस जिनाच सोडून देतो. बाजारपेठेतल्या दुसऱ्या एका वर्गात आपली भाषा बोललं की दंड होता. मॅडमना ते पटत नसे. जिना चढताना कुणी कठडा धरला तर काय बिघडलं, असं त्या म्हणत.

आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे, कुणालाही बोलायला भाग पाडायचं नाही. मूल बोलायच्या आधी किती दिवस नुसतं ऐकत असतं. त्याला कुणी मुकं म्हणत नाही. मोठ्या माणसालाही तेवढी सवड द्यावी. ऐकलेलं आत साठत असतं, भरलं की आपोआप सांडतं. मॅडम प्रश्न विचारून थांबायच्या ते इतक्या थांबायच्या, की नवीन आलेल्याला वाटे, बाई पुढचं विसरल्या.

उरला उदाहरणांचा नेम. वाक्यं पुस्तकातून उचलायची नाहीत, ती आपल्या घरातून आणायची. कुणाचीच नसलेली वाक्यं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मॅडमच्या घरात तेव्हा ताई होती. नवरा गेल्यावर ताई धाकट्या बहिणीकडे येऊन राहिली होती, आणि वर्गातली निम्मी वाक्यं तिच्यावर चालत. ताई लवकर उठते. ताईला कमी साखरेचा चहा आवडतो. ताई चष्मा शोधते आहे. ताई दूधवाल्याशी भांडते आहे. वर्ग हसत हसत शिकायचा.

मग ताईच्या मुलाला परदेशात मूल होणार म्हणून ताई तिकडे गेली. बाळंतपण उरकून येणार होती. बाळ रांगायला लागलं की येणार होती. मग ते शाळेत जायला लागलं. त्यानंतर कधी येणार हे कुणी बोलेनासं झालं. मॅडमनी घरातला तिचा पलंग ओळखीच्या एकांना देऊन टाकला. वर्गातली वाक्यं मात्र तशीच राहिली. नवीन लोक यायचे, त्यांना काय माहीत. ताई लवकर उठते, मॅडम फळ्यावर लिहायच्या, आणि सगळे ते उतरवून घ्यायचे. एकट्या माणसाच्या घरातून किती वाक्यं निघणार? मी उठते. मी चहा करते. मी दार लावते. पुढे काय?

गेल्या वर्षी वर्गात इस्त्रीवाल्या मावशी आल्या. त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक खबदाड, आत एक टेबल आणि कपड्यांचे गठ्ठे. घरी कुणी नाही. एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात, आणि तिला दिवस गेलेले. लेकीला आई हवी होती. जावयानं कागद पाठवले होते, पण व्हिसाच्या ऑफिसात खिडकीपाशी मावशींना एकटीलाच उभं राहावं लागणार होतं, आणि तिथे इंग्रजीच चालतं असं त्यानं कळवलं होतं. नीट बोलता आलं नाही तर परत पाठवतात, शेजारणीच्या सासूला पाठवलं होतं, हे मावशींनी पहिल्याच दिवशी मॅडमना सांगितलं. आपल्या भाषेत सांगितलं. त्यानंतर वर्गात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. मॅडमच्या ओठांकडे डोळे लावून ऐकायच्या. बाकीचे बोलायचे, त्यांत एक वायरमन होता, त्याला जहाजावर नोकरी हवी होती आणि चुकायची भीती त्याच्या गावीच नव्हती. औषधांच्या दुकानातली एक मुलगी होती, ती वाक्य पूर्ण नीट झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मावशी नुसत्या ऐकायच्या. महिने गेले. वायरमन एकदा म्हणाला, "मावशी, खिडकीवर पण अशाच बसणार का? खुर्ची नसते तिथे." मावशी हसल्या आणि मॅडमनी विषय बदलला. लेकीचे दिवस भरत चालले होते. मॅडमना घरी गेल्यावर कधी कधी धाकधूक व्हायची, पण त्यांनी नेम मोडला नाही.

एका संध्याकाळी डॉक्टरकडे काय बोलायचं तो धडा होता. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, माझ्या बहिणीला बरं नाही. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, अशी सगळी वाक्यं त्यावरून झाली. धडा संपला, फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी मॅडम खोलीचं कुलूप काढत होत्या. जिन्यावर मावशी उभ्या होत्या, इतर दोघं-चौघं मागे. मावशींनी घसा साफ केला.

"मॅडम, हाऊ इज युवर सिस्टर?"

मागच्या सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. वायरमननंसुद्धा. मॅडमचा हात कुलपावर तसाच राहिला. अशा वेळी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. कौतुक केलं की माणूस आपल्याच आवाजाला बुजतो. प्रश्न विचारलाय, तर माणसानं माणसाला द्यावं तसं उत्तर द्यायचं. त्या म्हणाल्या, अजून अशक्तपणा आहे, विचारल्याबद्दल आभार.

"गिव्ह सूप," मावशी म्हणाल्या.

तिथून ते सुरू झालं. मावशी रोज एक प्रश्न घेऊन यायच्या. ताप उतरला का. रात्री झोप लागली का. भूक लागते का. वाक्यं मोडकी असायची, पण विचारणं खरं होतं, आणि मॅडम ती वाक्यं नीट करून उत्तरात परत द्यायच्या. मावशींना बोलताना बघून मागच्या बाकावरचे दोघं बोलायला लागले. औषधांच्या दुकानातली मुलगी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारायची, आणि अर्धवट वाक्यंही बोलायला लागली. इतक्या वर्षांत मॅडमनी असा बोलका वर्ग पाहिला नव्हता.

ताईला बरं करणं मॅडमच्या हातात होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ती बरी झाली की मावशी उद्या काय विचारणार? व्हिसाच्या खिडकीची तारीख ठरली होती. मॅडम स्वतःला सांगायच्या, आणखी थोडे दिवस, मावशींची जीभ सुटेपर्यंत. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा.

हे एवढंच कारण होतं असंही नाही. वर्गाहून घरी जाताना मॅडम आता विचार करत जायच्या, की आज ताईनं काय खाल्लं असेल. उद्या विचारतील तेव्हा सांगायला हवं. दिवे लागलेल्या खिडक्यांखालून चालताना आपल्याही घरी कुणी पडून आहे, वाट बघतं आहे, असं एखादं मिनिट खरंच वाटून जायचं. फळांच्या गाडीवर त्यांनी एकदा संत्री निवडून निवडून घेतली तेव्हा फळवाला म्हणाला, पाहुणे आलेत वाटतं. त्या हो म्हणाल्या. नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती.

रविवारी सकाळी दार वाजलं. मॅडमच्या दारावर रविवारी कुणी येत नाही. दारात वायरमन, औषधांच्या दुकानातली मुलगी आणि मावशी उभ्या होत्या. वायरमनच्या हातात फळांची पिशवी होती. मुलीनं नवा थर्मामीटर आणि ग्लुकोजचा डबा आणला होता. मावशींच्या दोन्ही हातांवर एक पांढरी चादर होती, घडी केलेली, इस्त्रीची ऊब अजून तीत असावी अशी त्यांनी ती धरली होती.

"झोपल्यात का?" वायरमननं कुजबुजत विचारलं आणि बूट बाहेरच काढले.

तिघंही पावलं न वाजवता आत आली. खोली एकच. एक पलंग, त्यावर अर्धवट घड्या घातलेले कपडे. खिडकीपाशी एक खुर्ची, ओट्यावर एक शेगडी. मुलीनं कोपऱ्यातल्या दाराकडे पाहिलं. ते न्हाणीचं दार होतं, आणि ते उघडंच होतं.

"दवाखान्यात आहे ती," मॅडमही कुजबुजल्या. का, ते त्यांनाही कळलं नाही.

मुलीनं लगेच विचारलं, कुठल्या दवाखान्यात, तिच्या दुकानातली औषधं सगळीकडे जातात, सगळे ओळखीचे आहेत. वायरमन म्हणाला, चला, आत्ताच जाऊ, मी गाडी आणतो. त्यानं एक पाय बुटात घातलासुद्धा.

मॅडम पलंगावर बसल्या.

"ताई इथे राहत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "खूप वर्षं झाली. मुलाकडे असते, परदेशात. तिला काही झालेलं नाही."

 बाहेर कुणीतरी बादली घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ते दूधवाल्याशी भांडण पण खोटं?" वायरमननं विचारलं.

"ते झालं होतं. पण तो दूधवालाही आता नाही."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं आपल्या मालकाला विचारून गोळ्यांची माहिती काढली होती. तो घरी यायलाही तयार होता, तिनंच त्याला थांबवलं होतं. "उदाहरण होतं तर तसं सांगायचं ना, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही काय लहान मुलं आहोत?" ग्लुकोजचा डबा तिनं ओट्यावर ठेवला. परत नेणं तिला बरं दिसलं नसावं.

 मावशी चादर तशीच धरून उभ्या होत्या. सगळे निघाले तेव्हा त्या शेवटी निघाल्या, आणि चादर घेऊन गेल्या.

मुलगी पुन्हा वर्गात आली नाही. वायरमन आला. मॅडम कुठलंही वाक्य बोलल्या की तो हात वर करून विचारायचा, हे खरं की उदाहरण? दोन-तीन दिवस सगळे हसले, मग तोच कंटाळला. मावशी आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, आणि बोलल्या नाहीत.

मॅडम थांबल्या. थांबणं त्यांना येत होतं. पण हे गप्प राहणं ते नव्हतं, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी दिसलं. आधी मावशींचे डोळे त्यांच्या ओठांवर असायचे. आता ते खिडकीबाहेरच्या तारांवर होते. तेव्हाच्या गप्प राहण्यात भर पडत होती, आता सगळं गळून चाललं होतं. चार-पाच दिवसांनी मावशी यायच्याच थांबल्या.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. फोन यायचा तो असाच, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. कशी आहेस, बरी आहे, जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे थोडी. दोघींनाही उत्तरं पाठ होती. या वेळी मॅडम म्हणाल्या, "ताई, मी तुला आजारी पाडलं."

सगळं सांगितलं. पलीकडे ताई हसायला लागली. खूप दिवसांनी हसल्यासारखी, ठसका लागेपर्यंत हसली.

"काय झालं होतं मला?"

"आधी ताप. मग अशक्तपणा."

"आणि बघायला कोण कोण आलं?"

मॅडमनी तिघांचं सांगितलं. फळांचं, थर्मामीटरचं, चादरीचं सांगितलं. ताईनं चादरीचं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "इथे मागच्या थंडीत मी खरीच आजारी पडले होते, बारके. आठवडाभर. सगळे कामाला जातात, कोण बसणार? खिडकीतून समोरच्या घराचं धुराडं बघत होते."

"मला सांगितलं नाहीस."

"एवढ्या लांबून तू काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी ताईला हाक मारली, इंग्रजीत. ताईनं तिकडे तोंड करून उत्तर दिलं, तेही इंग्रजीत, पटकन, न अडखळता. तिकडे जाण्याआधी याच खोलीत शेगडीपाशी बसून मॅडमनी तिला विमानतळापुरती दहा-बारा वाक्यं शिकवली होती. प्रत्येक वाक्याला ती घामाघूम व्हायची. आता ती त्या भाषेत घरातल्या माणसावर किंचित वैतागत होती. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं? मॅडमना आनंद व्हायला हवा होता.

"ठेवते गं," ताई म्हणाली. "बोलावताहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम इस्त्रीच्या दुकानात गेल्या. मावशी शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मॅडम गठ्ठ्यांच्या मधल्या स्टुलावर बसल्या. एक शर्ट झाला, दुसरा झाला. मॅडम म्हणाल्या, खिडकीची तारीख जवळ आली आहे, वर्गाला या, माझा राग वर्गावर काढू नका.

"राग नाही हो," मावशी म्हणाल्या. इस्त्री त्यांनी थांबवली नव्हती. "मी लेकीला सांगितलं होतं, आमच्या मॅडमची बहीण आजारी आहे म्हणून. ती फोनवर रोज विचारते, कशी आहेत त्या. तिला काय सांगू? तेही जाऊ दे. मी दिवसभर कुणाशी बोलते? या इस्त्रीशी. संध्याकाळी काय विचारायचं ते मी दुपारपासून जुळवायची, एकेक शब्द. कपडे जळायची वेळ यायची. कुणाचं तरी काहीतरी विचारायचं होतं मला. आता कुणाची विचारपूस करू?"

मॅडमकडे नेहमी उत्तर असतं. सोपं, एका पायरीवरचं. त्यांनी हातातल्या पिशवीचा बंद एकदा गुंडाळला, एकदा सोडला.

"माझी करा, मावशी," त्या म्हणाल्या.

मावशींनी इस्त्री उभी केली. पहिल्यांदाच त्यांनी मॅडमकडे नीट पाहिलं, इस्त्रीला आलेल्या कपड्यावरचा डाग कशाचा आहे ते बघावं तसं.

"हाऊ आर यू?"

याचं ठरलेलं उत्तर मॅडमनी आयुष्यभर शेकडो माणसांकडून म्हणवून घेतलं होतं. ते त्यांनी दिलं नाही. त्यांनी सावकाश, मावशींना समजेल अशा शब्दांत सांगितलं, की बरं नाही. आजार नाही, पण बरं नाही. घरी कुणी नाही. वर्ग संपला की मी जिना मुद्दाम हळूहळू उतरते. रविवार मोठा असतो. माझी बहीण गेली तेव्हा मी तिला जा म्हणाले आणि ती गेली. हे सांगायला फार वेळ लागला नाही. इंग्रजीत ते आणखीच छोटं झालं.

"धिस इज ट्रू?" मावशींनी विचारलं. "ऑर एक्झाम्पल?"

"ट्रू," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली. कोपऱ्यातल्या कळशीतून पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला, आणि पुढचा प्रश्न विचारला. रविवारी काय जेवता?

त्यानंतर मॅडम रोज दुपारी त्या दुकानात जाऊन बसू लागल्या. मावशी इस्त्री करत विचारायच्या आणि मॅडम खरं तेच सांगायच्या, सांगण्यासारखं थोडं असलं तरी. मग उलट व्हायचं. मावशी आपल्या नवऱ्याचं सांगायच्या, लेकीच्या लहानपणीचं सांगायच्या, शब्द सापडला नाही की कपडाच उचलून दाखवायच्या. गिऱ्हाईक आलं तरी त्यांचं वाक्य थांबायचं नाही. एक म्हातारा गृहस्थ पॅंट न्यायला येऊन उभा राहायचा आणि शेवट ऐकल्याशिवाय जायचा नाही. मॅडम क्वचितच काही नीट करून परत द्यायच्या. खिडकीवरच्या माणसाला कळलं म्हणजे झालं.

तारखेच्या दिवशी मावशी एकट्याच गेल्या. संध्याकाळी वर्ग सुरू होऊन गेला होता, खाली कुणीतरी अक्षरं वाचत होतं, तेव्हा त्या जिना चढून आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर धप्पकन बसल्या. वायरमननं विचारलं, काय झालं, दिला का? मावशींनी हो म्हटलं. सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मावशी मॅडमकडेच बघत होत्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मॅडमना जिन्याच्या वळणावर थांबवलं.

"खिडकीवरच्या माणसानं विचारलं, परत येणार कशावरून? इथे तुमचं कोण आहे?" मावशी म्हणाल्या. "नवरा नाही, मुलगा नाही. दुकान म्हटलं तर तो हसलाच असता. मग मी म्हटलं, माय सिस्टर इज हिअर. शी इज अलोन. आय विल कम बॅक." त्या जरा थांबल्या. "खोटं बोलले मी, मॅडम."

मॅडमनी जिन्याचा कठडा धरला. त्यांनी ती तीन वाक्यं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. नीट करून परत द्यावं असं त्यांत काही नव्हतं.

"छान बोललात," त्या म्हणाल्या.

मावशी पुढच्या आठवड्यात गेल्या. दुकानाच्या फळीवर त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं, की दुकान काही दिवस बंद राहील. मॅडमची वाट तिथूनच जाते. त्या आता तिथे वळत नाहीत, पण चाल जरा मंदावते.

मावशी गेल्या त्या संध्याकाळी वर्गात दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर वायरमननं आपली पिशवी ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, मावशी कधी परत येणार? मॅडम खडू हातात धरून उभ्या होत्या. बाळंतपण, मग बाळ रांगेल, मग शाळेत जाईल. हे सगळं त्यांना पुढे दिसत होतं. वर्ग वाट बघत होता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "येते म्हणाली आहे."